थोरल्याचा डिप्लोमा

कारखान्यात डिप्लोमा झालेला सेफ्टी ऑफिसर असलाच पाहिजे, असा हुकूम वरून आला आणि मॅनेजरचं डोकं उठलं. बाहेरून शिकलेला माणूस आणायचा म्हणजे त्याला खुर्ची द्या, कपाट द्या, आणि इतकं करून तो उलट आपल्यालाच शहाणपण शिकवणार. त्यापेक्षा घरचाच माणूस बरा, असा विचार करून त्याने देखभाल विभागातल्या फिटरला बोलावून घेतलं.

“तुझी अठ्ठावीस वर्षं झाली इथे,” मॅनेजर म्हणाला, “आणि दहाही बोटं जागेवर आहेत. याहून मोठी लायकी काय असते? फक्त कागद तेवढा नाही. तो घेऊन ये.”

कागद म्हणजे एका वर्षाचा डिप्लोमा. दर रविवारी एका शाळेत वर्ग, चार लेखी पेपर, स्वतःच्या कारखान्यातल्या एका जुन्या अपघाताची नव्याने चौकशी करून लिहिलेला प्रकल्प, आणि शेवटी तोंडी परीक्षा. फिटर तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. दोन भावांतला मोठा म्हणून घरात त्याला थोरला म्हणत. धाकटाही त्याच कारखान्यात असल्यामुळे तिथेही तेच नाव चिकटलं होतं. थोरल्याने शेवटची परीक्षा दिली त्याला तीस वर्षं झाली होती. पहिल्या रविवारी तो शाळेच्या बाकावर बसला तेव्हा गुडघे बाकाखाली मावेनात. पण गडी हटला नाही. आगीचे प्रकार, वायूंचे गुण, कायद्याची कलमं, सगळं तो जेवताना, दाढी करताना घोकू लागला. कॉलेजात जाणारी मुलगी त्याची उत्तरं तपासायची आणि चुकला की म्हणायची, “बाबा, तुम्हाला उद्या पट्टीने मारणार आहेत.” त्याला गंमत वाटायची. खरं सांगायचं तर त्याची छाती जरा फुगलीच होती. आयुष्यभर हात काळे केलेल्या माणसाला कुणीतरी पुस्तक वाचायला सांगितलं, याचं त्याला फार अप्रूप वाटत होतं.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याला वगळून ही गोष्ट उभीच राहत नाही.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. तिथे धाकटा पंचिंग मशीन चालवायचा. पंचिंग मशीन म्हणजे लोखंडाच्या दोन जाडजूड पाट्या; वहीसारख्या उघडतात आणि मिटतात. उघडल्या की पुठ्ठ्याचा ताव आत घालायचा, मिटल्या की तो कापला जातो, उघडल्या की काढायचा आणि पुढचा घालायचा. मिनिटाला वीस वेळा, आठ तास. हात आत राहिला तर चिरडू नये म्हणून समोर एक आडवा दांडा असतो. हाताने दांडा ढकलला गेला की त्याच्यामागचा स्विच सुटतो आणि मशीन जागच्या जागी थांबते. पण पुठ्ठ्याची कड लागली तरी दांडा हलतो आणि मशीन थांबते. काम खोळंबतं, ठरलेले नग पुरे होत नाहीत. म्हणून कामगार चिकटपट्टीने तो स्विच बांधून टाकायचे. एकदा स्विच बांधला की दांडा नुसता शोभेला.

अकरा वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीत त्या मशीनने धाकट्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. स्विच बांधलेला सापडला. चौकशी एका दुपारीत उरकली आणि कागदावर शब्द आले, ‘कारण: कामगाराचा निष्काळजीपणा’. भरपाई निम्मी झाली. मशीनवरचं काम गेलं. साहेबांनी उपकार म्हणून त्याला गेटवर वॉचमन केलं, पण एका अटीवर.

अट अशी, की कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी गेटवर आणलं जाईल आणि धाकटा त्याला हात दाखवील. हात दाखवून म्हणायचं, “मी स्विच बांधला होता. तुम्ही बांधू नका.” सुरुवातीला तो म्हणायचा, “मी स्विच बांधला होता म्हणतात.” मॅनेजरने त्याला बोलावून सुनावलं, “म्हणतात नको. बांधला होता, एवढंच म्हण.” मग तो तसं म्हणायला लागला. नवी माणसं अंगठा आणि नुसता तळवा उरलेल्या त्या हाताकडे बघायची, चुकचुकायची आणि आत जायची. महिन्याभरात त्यातली निम्मी चिकटपट्टी वापरायला शिकायची.

घरी मात्र पहिली दोन-तीन वर्षं धाकटा भांडायचा. “दादा, मी नव्हता बांधला. आईशप्पथ नव्हता.”

“मग काय भुताने बांधला?” थोरला म्हणायचा. “लाख वेळा सांगितलं होतं तुला. तुझ्यासाठी मी लोकांसमोर किती वेळा मान खाली घालू?”

चौकशीतही थोरल्याला विचारलं होतं. त्याने जबाब दिला होता, की ऑपरेटर लोक स्विच बांधतात, मी स्वतः कितीदा सोडवले आहेत. जबाब खरा होता, अक्षर न अक्षर खरा. तोच धाकट्याच्या गळ्याला फास झाला. पुढे धाकट्याने भांडणं सोडलं. दोघे एकाच इमारतीत राहायचे, थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा खाली. ये-जा होती, बोलणं-चालणं होतं, पण हाताचा विषय कुणी काढायचं नाही, असं आपोआप ठरून गेलं होतं.

डिप्लोमाच्या वर्गात अपघाताची चौकशी हा विषय शिकवायला एक मॅडम होत्या. पूर्वी सरकारी कारखाना निरीक्षक होत्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘निष्काळजीपणा’ असं लिहिलं आणि त्यावर फुली मारली.

“हे कारण नाही, ही शिवी आहे,” त्या म्हणाल्या. “हा शब्द लिहून ज्याने चौकशी थांबवली, त्याने चौकशी केलीच नाही. का, असं विचारा. उत्तर आलं की पुन्हा विचारा, का? निदान पाच वेळा विचारा. पाचव्यांदा जे हाती लागेल त्याच्यावर काम करा.”

वर्गात बरेच जण वहीत उतरवून घेत होते. थोरल्याने पेन खाली ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या शब्दाला शिवी म्हटलं होतं. धाकट्याने स्विच बांधला असेलही, पण का बांधला? नगांचा आकडा अवाच्या सवा होता म्हणून. आकडा कुणी ठरवला? मॅनेजरने. थोरल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच प्रकल्प करायचा आणि धाकट्याच्या नावापुढचा तो शब्द खोडून आणायचा. प्रकल्पाला गुण चांगले पडतील, हेही मनात आलं. आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

त्याने खाली जाऊन सांगितलं. धाकटा म्हणाला, “राहू दे ना, दादा. कशाला?” पण त्याची बायको हातातलं काम टाकून बाहेर आली.

“भाऊजी, खरंच खोडता येतो तो शब्द?”

“का नाही येणार? सेफ्टी ऑफिसरच्या सहीने येतो. आणि सेफ्टी ऑफिसर मीच होणार आहे.”

तिने पदराने डोळे टिपले. अकरा वर्षं तिनेही नवऱ्याला कमी बोल लावले नव्हते. घाई केलीस, हात घालवलास, आम्हाला खड्ड्यात घातलंस, असं तिच्या तोंडून कितीदा निघालं असेल.

मॅनेजरने फाइल कपाटातून काढून दिली. “जुनं उकरून काय मिळणार तुला? बरं, घे. फक्त जागच्या जागी ठेव.”

थोरला जेवणाच्या सुट्टीत देखभाल विभागातल्या आपल्या टेबलावर फाइल उघडून बसला. जबाब, डॉक्टरचा दाखला, विम्याची पत्रं. शेवटी पाकिटात विम्याच्या माणसाने काढलेले फोटो होते. हे फोटो त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी तो धाकट्याबरोबर दवाखान्यात होता, आणि तो परत येईपर्यंत मशीन धुऊन-पुसून पुन्हा सुरू झाली होती. त्याने एकेक फोटो बघितला. पाचव्या फोटोत स्विच होता, अगदी जवळून काढलेला.

स्विच चिकटपट्टीने बांधलेला नव्हता. सायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्टीने बांधलेला होता, आणि गाठीला वीतभर शेपूट सोडलेलं होतं.

अख्ख्या कारखान्यात असं बांधणारा एकच माणूस होता. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, बदलली की दाब जुळवण्यासाठी मशीन थोडी चालवून बघावी लागते. तेव्हा दांडा मध्येमध्ये येतो, म्हणून फिटर तेवढ्यापुरता स्विच बांधतो. थोरल्याला त्याच्या उस्तादाने तरुणपणी शिकवलं होतं, की ट्यूबची पट्टी घ्यायची, ती सरकत नाही. आणि शेपूट लांब सोडायचं, म्हणजे लोंबताना दिसतं आणि सोडायची आठवण राहते.

त्याने फोटो उलटा ठेवला. तरी त्याने देखभालीचं रजिस्टर काढलं, कारण वर्षभर त्याला तेच शिकवलं होतं, पुरावा बघा. अकरा वर्षांपूर्वीचं पान. सात दहा, पंचिंग मशीन, डाय बदलली, ट्रायल सुरू. खाली त्याचीच सही. पुढची ओळ, सात पस्तीस, कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. तीही त्याच्याच अक्षरात. ट्रायल संपल्याची नोंद नव्हती. आठ वाजून पाच मिनिटांनी धाकट्याचा हात गेला होता.

मग त्याला सगळं आठवलं. कुणीतरी दारातून ओरडलं होतं, “कॉम्प्रेसर बंद पडला, हवेवर चालणाऱ्या सगळ्या मशीन थांबल्यात.” तो पाना हातात घेऊनच पळाला होता. पळताना त्याने धाकट्याला सांगितलं होतं, “झालंय, चालव.” इतकं साधं होतं ते. आणि इतकं साधं असून अकरा वर्षांत त्याला एकदाही आठवलं नव्हतं. आठवायची गरजच पडली नव्हती, कारण दोष द्यायला घरातच माणूस होता.

त्याने फोटो पाकिटात ठेवले, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले आणि कामाला लागला.

यानंतर तो काय करील, असं तुम्हाला वाटतं? तडक जाऊन भावाचे पाय धरील? छे. त्याने दुसरा अपघात शोधला. गोदामात कुणाच्या तरी पायावर पुठ्ठ्याचा गठ्ठा पडला होता, त्यावर सहा पानं लिहिली. मॅडमनी ती वाचून परत दिली. “तुम्ही आधी जो अपघात सांगितला होता त्याचं काय झालं? तो करा. याच्यात तुमचा जीव नाही.”

मग त्याने तो केला. खरं ते लिहिलं. स्विच का बांधलेला होता? ट्रायलसाठी फिटरने बांधला. का सोडला नाही? फिटरला मध्येच दुसरीकडे बोलावलं. मध्येच का बोलावलं? अख्ख्या पाळीला एकच फिटर होता. एकच का? व्यवस्थापनाने दुसरं पद भरलं नव्हतं. ट्रायल अर्धवट असताना मशीन चालूच कशी झाली? ट्रायल संपल्याची सही घेतल्याशिवाय मशीन ताब्यात द्यायची नाही, असा नियमच नव्हता. पाचव्या प्रश्नापर्यंत फिटर पार धुऊन निघाला. शास्त्र असं की बघत राहावं! थोरल्याने पानं पुन्हा वाचली आणि त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. जे शास्त्र भावासाठी वापरायचं होतं, ते त्याने आधी स्वतःलाच लावून घेतलं होतं.

मुलीने प्रकल्प कॉम्प्युटरवर टाइप करून दिला. टाइप करता करता तिने विचारलं, “म्हणजे काकांनी बांधलाच नव्हता? मग हा फिटर कोण, बाबा?”

“होता एक,” थोरला म्हणाला.

“किती नालायक माणूस. अकरा वर्षांत एकदा तरी बोलायचं ना.”

तो उठून पाणी प्यायला गेला.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. मधल्या वयस्क परीक्षकाला प्रकल्प फार आवडला होता. त्याने पानं उलटत विचारलं, “इतकी प्रामाणिक चौकशी आमच्याकडे क्वचित येते. फिटरच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलंय. त्याच्याशी बोललात?”

“हो. बरंच.”

“तो आता कुठे आहे?”

“तिथेच आहे, कारखान्यात.”

“त्याला काही प्रशिक्षण दिलं की नाही?”

“वर्षभर चालू आहे, साहेब.”

“छान,” परीक्षक म्हणाला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. थोरला वर्गात पहिला आला. प्रकल्प पुढच्या तुकडीला नमुना म्हणून ठेवू, असं मॅडमनी सांगितलं आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

सर्टिफिकेट हातात पडलं त्याच दिवशी तो मॅनेजरकडे गेला. तेवढी हिंमत त्याने केली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. प्रकल्प टेबलावर ठेवून म्हणाला, “त्या अपघाताची नोंद दुरुस्त करायची आहे. स्विच ऑपरेटरने बांधला नव्हता.”

“मग कुणी?”

“मी.”

मॅनेजरने उठून दार लावलं. प्रकल्प उघडलासुद्धा नाही.

“हे बघ,” तो म्हणाला, “चौकशी पुन्हा उघडायची तर सेफ्टी ऑफिसरची सही लागते. सेफ्टी ऑफिसर तू. ज्याच्या हातून अपघात झाला तोच चौकशी करणार का? नाही चालणार. मग तुला हे पद सोडावं लागणार. तू सोडलंस की सही करायला माणूस कुठून आणू? म्हणजे नोंद आहे तशीच राहणार, आणि तू मात्र घरी बसणार.”

थोरल्याने टेबलावरचा प्रकल्प सरळ केला.

“आणि तुझ्या भावाचं म्हणशील, तर गेटवर तो कशासाठी आहे? हात दाखवून चूक सांगायला. चूक त्याची नाही म्हटल्यावर तो तिथे बसून काय सांगणार? वॉचमन मला दोन हातांचे हवे तेवढे मिळतात.” मग आवाज मऊ करून म्हणाला, “घाई नाही. विचार कर. आणि सोमवारी नवी सहा माणसं येतायत. पहिल्या दिवसाची सुरक्षेची माहिती आता तूच द्यायचीस.”

रविवारी थोरला खाली गेला. आता रविवारी वर्ग नव्हता. धाकट्याच्या बायकोने चहा ठेवला आणि हसत विचारलं, “भाऊजी, पहिले आलात म्हणे! मग खोडला का तो शब्द?”

“काम चालू आहे,” तो म्हणाला.

ती बाजारात गेल्यावर त्याने सांगितलं. ट्यूबची पट्टी, रजिस्टर, कॉम्प्रेसर, सगळं. “झालंय, चालव” हेही सांगितलं. मॅनेजर काय म्हणाला तेही. धाकटा डाव्या हातात कप धरून ऐकत होता. थोरल्याला वाटलं, आता कप भिंतीवर फोडेल. फोडला असता तर बरं झालं असतं.

“पहिली तीन वर्षं मी फार आठवून पाहिलं,” धाकटा म्हणाला. “बांधल्याचं काही केल्या आठवायचं नाही. वेड लागायची पाळी आली होती मला. मग म्हटलं, मशीनमधलं मला जास्त कळतं की दादाला? दादा म्हणतोय तर बांधला असणार. दादा कशाला खोटं बोलेल? मग मी मानलं. मानल्यावर डोकं शांत झालं.”

“मला माहीत नव्हतं रे. शप्पथ, मला आठवतच नव्हतं.”

“नसेल. तू म्हणालास मी बांधला, ते मानलं. आता म्हणतोस तू बांधलास, तेही मानतो. तुझं मी कधी मोडलंय?” त्याने कप खाली ठेवला. “फक्त एक सांग. उद्या ती सहा माणसं घेऊन तू गेटवर येशील. मी त्यांना काय सांगू?”

थोरल्याने तोंड उघडलं. वर्षभरात त्याने कायद्याची दोनशे कलमं पाठ केली होती. आग लागली तर काय करायचं, वायू गळला तर काय करायचं, माणूस बेशुद्ध पडला तर काय करायचं, सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे होती. धाकटा त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, साहेबाचा हुकूम ऐकायला थांबलेल्या माणसाची वाट पाहणारी नजर होती ती.

“सध्या,” थोरला म्हणाला, “जे सांगतोस तेच सांग.”

“बरं, दादा,” धाकटा म्हणाला आणि दोघांचे कप विसळायला आत गेला.